नंतर पुसून घेऊ

मे महिना लागला की आमच्या दुकानातला फोन थांबत नाही. नाचणे, कुवारबाव, खेडशी, शिरगाव, कुठूनही येवो, मागणी एकच: "वहिनी, पावसाच्या आत काचा लागल्या पाहिजेत." मागणी रास्त आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि समुद्राकडच्या वाऱ्याबरोबर तो आडवा येतो. खिडक्यांची भोकं उघडी असलेल्या घरात मृगाची पहिली झड शिरली की सिमेंटच्या गोणी दगड होतात, वायरिंगचे पाइप पाण्याने भरतात. त्यातून गणपती नव्या घरात बसवायचं ठरलेलं असतं. मालक मुंबईला असतील तर गाडीचं तिकीटही काढून झालेलं असतं.

तरीही काच आणि ॲल्युमिनियमच्या या धंद्यात राहून माझं मत पक्कं झालं आहे. अर्धवट घरात काच बसवण्याची आपली पद्धत चुकीची आहे. आणि बसवावीच लागली, तर पुढचे महिने तिची राखण कुणी करायची हे कागदावर आल्याशिवाय ती बसवू नये. मालकांनी मागू नये, इंजिनियरांनी सांगू नये आणि आम्ही धंदेवाल्यांनी बसवू नये.

फुटलेल्या काचेची मला फारशी चिंता नाही. काच फुटली की सगळ्यांना दिसते, दोन शब्द होतात आणि दुसरी लागते. मी लिहिते आहे ती न फुटता वाया गेलेल्या काचेबद्दल. फ्रेममध्ये ती शाबूत उभी असते, लांबून बरी दिसते, आणि वास्तुशांतीच्या दिवशी दुपार कलल्यावर पश्चिमेचं ऊन तिच्यावर तिरकं पडलं की सगळं उघडं पडतं. केसासारखे ओरखडे, पांढरे ओघळ, सुईने टोचल्यासारखे काळे ठिपके. भाट्याच्या किंवा मांडवीच्या बाजूला समुद्र दिसावा म्हणून माणसं भिंतभर खिडक्या करतात, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांना समुद्राआधी हे ओरखडे दिसतात.

हे होतं कसं? खरं तर दोन्ही बाजूंचं प्लास्टर झालं, खिडकीला ग्रॅनाइटच्या पट्ट्या बसल्या, की मग आम्ही माप घ्यायचं आणि खिडकी लावायची. मेच्या घाईत आतलं प्लास्टर उरकलेलं असतं, बाहेरचं पाऊस उघडल्यावर करायचं म्हणून राहिलेलं असतं. खिडकी मध्येच लागते. मग तिच्या आजूबाजूला फरशी होते, ओटा होतो, ग्रिल होतं, पुट्टी होते, आणि ऑक्टोबरात बाहेर परांची चढते. घरातली सगळ्यात नाजूक वस्तू आधी लागलेली असते आणि सगळी खरबरीत कामं तिच्या अंगावरून जातात.

बाहेरच्या प्लास्टरचं बघा. गवंडी थापीने भिंतीवर माल मारतो. त्यातला थोडा उडतो आणि खालच्या मजल्याच्या काचेवर मुगाएवढे, तिळाएवढे थेंब बसतात. त्याच घटकेला ओलं फडकं फिरवलं तर काही उरत नाही. पण परांचीवरचा माणूस खाली उतरून काच पुसणार नाही, आणि खालच्या माणसाला ते काम कुणी सांगितलेलं नाही. मी हटकलं की उत्तर ठरलेलं: "वहिनी, नंतर पुसून घेऊ." दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर पाणी मारायला सुरुवात होते. सिमेंट पक्कं व्हायला ते हवंच, निदान सात दिवस तरी. पण भिंतीवरून उतरणारं ते पाणी साधं नसतं. ओल्या सिमेंटचा पीएच 12 ते 13 असतो, कपडे धुण्याच्या सोड्यापेक्षाही जहाल. ते पाणी रोज काचेवरून ओघळतं आणि उन्हात तिथेच वाळतं.

काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुनखडी एकत्र वितळवून केलेली वस्तू. आम्लाला ती सहसा दाद देत नाही. अल्कलीपुढे मात्र तिचं चालत नाही. सिमेंटचं पाणी काचेचा वरचा थर हळूहळू खातं. म्हणून ते पांढरे ओघळ कशानेच जात नाहीत. तिथे मळ बसलेला नसतो, तिथली काच गेलेली असते.

आता "नंतर पुसून घेऊ" मधलं ते नंतर येतं. घर ताब्यात द्यायच्या आदल्या दिवशी दोन पोरं कोरडं फडकं, तारेची घासणी आणि दाढीचं ब्लेड घेऊन येतात. काचेवर सुकलेला माल असतो आणि मालात वाळू असते. खाडीची वाळू महाग झाली तशी आपल्याकडे क्रश सँड आली, आणि तिच्या कणांना फोडलेल्या दगडाचे धारदार कोपरे असतात. कडकपणाच्या मोजपट्टीवर काच साडेपाचच्या आसपास आहे, वाळूतलं क्वार्ट्‌झ सातवर. आपल्याच कोकणात कासार्ड्याला सिलिका वाळूच्या खाणी आहेत. काच अशाच वाळूची होते आणि अशीच वाळू तिला ओरबाडते. फडकं दाबून कोरडं घासणारा पोरगा त्या काचेला पॉलिश पेपर मारत असतो. त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून त्याच्यावर मी कधी ओरडत नाही.

काच साफ करायची खरी रीत साधी आहे. आधी भरपूर पाणी, वरून खाली, वाळू वाहून जाईपर्यंत. मग साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, तेही दर दोन खिडक्यांनी धुतलेलं. शेवटी रबरी पट्टी. ब्लेड लागलंच तर नवं, काच ओली ठेवून, एकाच दिशेने, फक्त डागापुरतं. आणि ॲसिड अजिबात नाही. फरशीचे डाग काढायला ॲसिड वापरतात, त्याची वाफसुद्धा ॲल्युमिनियमवरचा थर मारते आणि ट्रॅकवर फोड येतात.

दुसरा शत्रू आपला खास कोकणी. चिरा. जांभ्याच्या घरासारखं घर नाही, पण हल्ली गॅलरीची कमान, खांबाचा कोपरा, पायरी, सगळं जागेवर कटरने कापतात. लाल धुळीचा ढग उठतो आणि ती धूळ स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये जाऊन बसते. पहिल्या पावसात तिचा चिखल होतो, वाळल्यावर तो विटेसारखा घट्ट. ट्रॅकला खाली पाणी जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती बुजतात. मग जुलैमध्ये फोन येतो, "तुमच्या खिडकीतून पाणी आत येतंय." जाऊन बघावं तर खिडकी नीट असते, पाण्याची वाट चिऱ्याच्या भुकटीने बंद केलेली असते.

तिसरा शत्रू वेल्डर. माकडांचा उपद्रव तर रत्नागिरीकरांना सांगायला नको, त्यामुळे ग्रिल प्रत्येकाला हवंच. ते जागेवर जोडतात, ग्राइंडर मारतात आणि ठिणग्यांचा फवारा सरळ काचेवर जातो. ठिणगी म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा कण. तो काचेला लागतो तिथे तिला वितळवून आत रुततो. हाताला कणी लागते, पावसाळ्यानंतर तिला गंज चढतो. वेल्डिंग करताना एक ओलं गोणपाट किंवा प्लायचा तुकडा मध्ये धरला तर हे टळतं. तुकडा साइटवर पडलेलाच असतो, धरायला माणूस नसतो.

निसर्ग वादळ 3 जून 2020 ला श्रीवर्धनच्या बाजूला आलं आणि आपल्या मंडणगड-दापोलीची दैना करून गेलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. त्यानंतर लोक जाड काच, टफन काच मागू लागले, ते योग्यच आहे. टफन काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. तिचा पृष्ठभाग आवळला जातो आणि साध्या काचेच्या चारपाच पट ताकद येते. ती ताकद सगळी त्या आवळलेल्या पृष्ठभागात असते. ठिणगीचा खड्डा किंवा खोल ओरखडा नेमका त्याच थराला कमजोर करतो. आणि टफन काच नंतर कापता येत नाही, घासून ओरखडा काढावा तर आरपार दिसणं वाकडं होतं. म्हणजे वादळाच्या भीतीने जास्तीचे पैसे मोजायचे आणि दिवाळीपर्यंत ते वेल्डरच्या ठिणग्यांत घालवायचे.

काच झाकणं हा उपाय आहेच, पण तोही समजून करावा लागतो. नव्या काचेला कुणी धडकू नये म्हणून साइटवर तिच्यावर चुन्याची फुली मारतात. खूण हवीच, कारण स्वच्छ काच घाईतल्या माणसाला दिसत नाही. पण चुना सिमेंटसारखाच अल्कली. महिनाभर राहिला की फुली पुसली तरी तिची सावली काचेत उरते. कागदी टेपची किंवा रंगीत सुतळीची खूण करा. निळी प्लास्टिक फिल्म चांगली, मात्र पश्चिमेच्या उन्हात ती महिनोन्‌महिने भाजली तर तिचा गोंद काचेला धरतो आणि तो काढायला पुन्हा ब्लेड येतं. फिल्म ठरल्या मुदतीत काढायची, हवी तर नवी लावायची. गडद प्लास्टिक किंवा ताडपत्री काचेला चिकटून अर्धी झाकली, की झाकलेला आणि उघडा भाग वेगवेगळे तापतात आणि साधी काच आपोआप तडकू शकते. मध्ये बोटभर हवा राहिली पाहिजे.

"मग काच आणून ठेवतो, लावू नंतर," असंही काही मालक म्हणतात. पावसाळ्यात हे सगळ्यात वाईट. काचेच्या थप्पीत दोन काचांमध्ये दमट हवा शिरते, पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो. ते पाणी काचेतला सोडा ओढून घेतं, स्वतः जहाल होतं आणि काचेलाच खाऊ लागतं. गॅरेजमध्ये भिंतीला टेकवलेल्या थप्पीवर सप्टेंबरात तेलाच्या तवंगासारखे रंग दिसले की समजायचं, थप्पी गेली. ठेवायचीच असेल तर लाकडी पट्ट्यांवर, उभी, किंचित कलती, मध्ये कागद घालून आणि वाऱ्याच्या जागी. पाच एमएमची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते; चार बाय पाच फुटांचं एक पान तेवीस किलोंचं. ते पुन:पुन्हा हलवणं कामगारांच्याही जिवाशी खेळ आहे.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, आणि त्याचं कारण मला माझ्या सासऱ्यांनी समजावलं. ते लाकडी खिडक्यांना काचा बसवायचे. तेव्हा काच लांबीने बसायची, खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेली. लांबी धरायला लाकडावर आधी अस्तराचा हात लागतो आणि लांबी वाळली की तिच्यावरून रंग जावा लागतो. त्यामुळे काच रंगाऱ्याबरोबर यायची, सगळं काम संपत आल्यावर. तोवर लाकडी झडपा पाऊस अडवायच्या, नाहीतर नारळीचे झाप बांधले जायचे. काचेची राखण करा असं कुणाला सांगावं लागत नव्हतं; कामाचा क्रमच तिची राखण करत होता. ॲल्युमिनियमची खिडकी काचेसकट तयार येते, एका दिवसात बसते, आणि तो क्रम मोडला. सोय मोठी झाली, पण क्रमाबरोबर गेलेली राखण दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालायची हे आपण ठरवलंच नाही.

काच तेव्हा अपूर्वाईची होती हेही खरं. कोकणातल्या कौलारू घरात उजेड यायचा तो छपरातल्या एखाद्या काचेच्या कौलातून, आणि ते कौल जपण्यासाठी छपरावर जपून पाय पडायचा. 1908 मध्ये तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना निघाला तो लोकांनी एकेक पैसा दिला म्हणून. त्या पैसाफंडाच्या पाठीशी आपल्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक होते. 1910 मध्ये इथे थिबा राजाचा राजवाडा झाला. त्याच्या अर्धगोल खिडक्यांच्या रंगीत काचा बघायला आजही माणसं वर जातात. काच आता स्वस्त आणि सवयीची झाली, याचा मला आनंदच आहे, आमचं पोट त्यावर आहे. पण काच बनवायला भट्टी दीड हजार अंशांवर रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. अशी वस्तू घरात कुणी राहायला यायच्या आत भंगारात जावी, हे मला खपत नाही.

गेल्या काही वर्षांतलं एक भांडण सांगते. नोकरीतून निवृत्त होऊन गावी आलेले एक काका, निम्मी पुंजी घरात घातलेली. खिडक्या आम्ही मेमध्ये लावल्या, चलनावर सही झाली. दिवाळीनंतर बोलावणं आलं. हॉलच्या मोठ्या स्लायडिंगवर वरपासून खालपर्यंत ओघळ. काका म्हणाले काच हलकी दिली. गवंडी म्हणाला वहिनींच्या माणसांनी झाकली नाही. रंगारी म्हणाला तो आला तेव्हाच अशी होती. वेल्डर फोन उचलेना. ठेकेदार म्हणाला काच त्याच्या कामात धरलेलीच नाही, आणि कागद बघितला तर त्याचं बरोबर होतं. माझ्या कामात बसवणं होतं, राखणं नव्हतं. सगळे आपापल्या कागदाप्रमाणे खरे होते आणि काकांची काच गेली होती. शेवटी मी काच खरेदीच्या भावात दिली, मजुरी सोडली. काकांनी पैसे दिले, पण मन खट्टू झालं ते झालंच.

म्हणून माझं म्हणणं माणसांच्या बेपर्वाईपेक्षा कागदाबद्दल आहे. काचेच्या वापराची आयएस 16231 ही संहिता आहे, राष्ट्रीय इमारत संहितेत 2016 च्या आवृत्तीत काचेवर स्वतंत्र विभाग आहे. इंजिनियर ती पुस्तकं ओळखतात. पण आपल्याकडच्या घराचा करार म्हणजे स्क्वेअर फुटाचा दर आणि दोन पानं. त्यात चार ओळी वाढवायला काय हरकत आहे?

पहिली ओळ: मेमध्ये फक्त फ्रेम बसेल. स्लायडिंगची शटर ट्रॅकमधून उचलून काढता येतात, तीच तर या खिडकीची खुबी. फ्रेमच्या मापाचा जाड प्लास्टिक ताणलेला लाकडी चौकोन किंवा जुन्या सेंटरिंगची प्लाय लावली की झड अडते. शटर आमच्या गोदामात राहतील, त्याचं भाडं मी मागणार नाही. दुसरी: बाहेरचं प्लास्टर, वेल्डिंग आणि कटिंग संपल्यावरच शटर चढेल. तिसरी: त्याआधी चढवावं लागलं तर झाकणं, माल उडाला की त्याच दिवशी धुणं आणि शेवटची सफाई कुणाकडे, त्या माणसाचं नाव आणि त्याचे पैसे. पैसे लिहिले पाहिजेत. फुकटातली राखण कुणी करत नाही, करावी असं म्हणणंही बरोबर नाही. माझ्या हिशोबाने साध्या बंगल्याला हा खर्च एका मोठ्या टफन पानाच्या किमतीएवढाही होत नाही. चौथी: खिडकी लावल्या दिवशी काच धुऊन मालक, ठेकेदार आणि आम्ही एकत्र बघू, फोटो काढू आणि सही करू.

फ्लॅट घेणाऱ्यांनाही सांगते, कारण मारुती मंदिरापासून मिरजोळ्यापर्यंत आता इमारतीच इमारती आहेत. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत कामातला दोष दाखवला तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा आहे. पण काचेवरचा ओरखडा ताब्याआधीचा की नंतरचा, हे वर्षभराने कोण सांगणार? ताब्याची वेळ सकाळची देतात, तेव्हा पश्चिमेची खिडकी बघून काही कळत नाही. आदल्या संध्याकाळी जा. काच तुमच्यासमोर पाण्याने धुवायला लावा, ऊन तिरकं पडलेलं असताना बाजूने बघा, ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जातं का ते पाहा. दिसलं ते ताब्याच्या कागदावर खिडकीच्या नावानिशी लिहा.

येत्या मेसाठी आमच्या दुकानाचं कोटेशन या चार ओळींसह छापून तयार आहे. ज्यांना ते जाचक वाटेल त्यांनी दुसरीकडून काम करून घ्यावं, माझा राग नाही. इंजिनियर आणि ठेकेदार मंडळींनी मात्र त्या ओळी आपल्या करारात उचलाव्यात, हवं तर माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत. गवंडीमामांची एकच अट मला आधीच कळली आहे: परांचीच्या खाली पाण्याची बादली आणि एक माणूस ठेवा, मग काचेवर थेंब राहिला तर मला बोला. ती मला मान्य आहे, आणि त्या माणसाची हजेरी कुणी द्यायची तेही कोटेशनच्या तिसऱ्या ओळीत आहे.